कूपर ब्लॅक : 'सत्तरच्या दशकातला फाँट' नव्हे!

१/ जाड, गुबगुबीत, गोलसर टोकांचा 'कूपर ब्लॅक' हा फाँट कुठेही दिसला की एक ठरलेला शेरा हमखास येतो : 'अगदी सत्तरच्या दशकातला!' हा शेरा चुकीचा आहे. चूक केवळ सनावळीची नाही, विचारपद्धतीची आहे. इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी तरी ती करू नये. #धागा

२/ हे मुद्राक्षर बाजारात आले १९२२ साली, शिकागोत. ते रेखाटणारा ऑस्वाल्ड कूपर हा जाहिरातींसाठी अक्षरे काढणारा कारागीर. १९०४ पासून फ्रेड बर्ट्श याच्या भागीदारीत त्याचा हाच व्यवसाय होता. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने त्याच्या रेखाटनावरून धातूचे खिळे पाडले. हिप्पी आणि डिस्को तेव्हा कित्येक दशके दूर होते.

३/ मग हा जाडपणा आणि गोलाई आली कुठून? जाहिरातीच्या गरजेतून. मजकुरांच्या गर्दीत गिऱ्हाइकाची नजर खेचायची, पण अंगावर धावून जायचे नाही. आपले अक्षर दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आणि जवळचेच दिसणाऱ्या त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी आहे, असा विनोद खुद्द कूपर करीत असे. यात बंडखोरी शोधणे व्यर्थ आहे. हे सरळसरळ व्यापाराचे अक्षर होते.

४/ परंपरानिष्ठ मुद्रकांनी नाके मुरडली, पण खप वाढतच गेला. तो पाहून लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीलाही तसेच अक्षर हवेसे झाले. तिच्यासाठी १९२५ मध्ये 'गाउडी हेवीफेस' तयार करणारे फ्रेडरिक गाउडी हे शिकागोत कूपरला अक्षरकला शिकवणारे त्याचे गुरू! शिष्याच्या यशाशी स्पर्धा करण्याची वेळ गुरूवर आली. हा सगळा गाजावाजा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला आहे.

५/ तर मग 'सत्तर'चा शिक्का का बसला? उत्तर मुद्रणतंत्रात आहे. धातूच्या छपाईत प्रत्येक अक्षर स्वतंत्र चौकोनी खिळ्यावर असते. दोन अक्षरे कितीही जवळ आणली, तरी खिळ्याच्या कडा आडव्या येतात. खिळा कापल्या-घासल्याशिवाय अक्षरे एकमेकांत शिरत नाहीत.

६/ १९६०च्या दशकात फोटोटाइपसेटिंग पसरले आणि घासून अक्षरे उमटवण्याचे लेट्रासेटचे कागद आले. खिळ्याची चौकट नाहीशी झाली. गोल अक्षरे आता एकमेकांना खेटून, एकमेकांच्या पोकळीत शिरून बसू लागली. बीच बॉइज या गटाच्या 'पेट साउंड्स' (१९६६) या अल्बमचे मुखपृष्ठ पाहा : अक्षर १९२२चे, त्याची दाटी मात्र नव्या काळाची. पुढे छापील टी-शर्टांनी हेच रूप घरोघरी पोहोचवले.

७/ म्हणून पुरावा शोधायचा तर अक्षराच्या आकारापेक्षा दोन अक्षरांमधल्या जागेत शोधावा. आकार ४०-५० वर्षे तसाच राहिला, जागा बदलली. अर्थात हाही अंतिम पुरावा नव्हे, कारण आजचा संगणक दोन्ही रूपांची नक्कल क्षणात करतो. तरीही 'वाटते जुने' या आधारापेक्षा तो कितीतरी भक्कम आहे.

८/ यावर आक्षेप येईल : 'लोकांच्या स्मरणात हे अक्षर सत्तरचेच आहे, मग स्मरण हा इतिहास नव्हे काय?' आहे, निश्चित आहे. पण तो स्वीकाराचा इतिहास आहे, निर्मितीचा नव्हे. 'सत्तरच्या दशकात लोकप्रिय' आणि 'सत्तरच्या दशकातले' या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले सिद्ध करता येते, दुसरे सरळ खोटे आहे.

९/ हा गोंधळ कुठे नेतो, ते पाहा. बीबीसीची 'डॅड्स आर्मी' ही मालिका १९६८ मध्ये सुरू झाली. तिचे कथानक दुसऱ्या महायुद्धातले, शीर्षक कूपर ब्लॅकमध्ये. 'सत्तर'वाद्यांच्या हिशेबाने हा कालविपर्यास ठरेल. प्रत्यक्षात १९४० साली हे अक्षर १८ वर्षांचे झाले होते. उलट दिशेला, १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईझीजेट या विमान कंपनीचे नावही याच अक्षरात आहे. तिला कोणत्या दशकात बसवायचे?

१०/ प्रश्न एका फाँटपुरता नाही. सन नसलेली पोस्टरे, पाकिटे, पत्रके रोज फिरतात आणि 'लूक'वरून त्यांच्यावर बेधडक साल चिकटवले जाते. मुद्राक्षर फक्त एक मर्यादा सांगते : हा कागद त्या अक्षराच्या जन्माआधीचा नाही. नंतरचा किती, हे ते सांगत नाही. त्यासाठी छपाईचे तंत्र, कागद, मुद्रकाचे नाव आणि पत्ता तपासावे लागतात. हे कष्ट टाळून दिलेले साल म्हणजे अंदाज. त्याला इतिहास म्हणू नये.

११/ ऑस्वाल्ड कूपर १९४० मध्ये वारला. ज्या दशकाच्या नावे त्याचे काम जमा केले जाते, ते उजाडण्याच्या ३० वर्षे आधी. 'सत्तरच्या दशकातला फाँट' असे लिहिणारा माणूस एका कारागिराचे नाव पुसतो आणि त्या जागी एक मूड लिहितो. हे अक्षर कूपरचे आहे आणि १९२२चे आहे. तसेच लिहावे.