विष कोणाचें, मरण कोणाचें ?

अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील श्रमजीवी बांधवांनो ! २०१४ सालीं वालधुनी नदींत रसायन ओतलें गेलें आणि उल्हासनगरांतील शेंकडों माणसें गुदमरून दवाखान्यांत दाखल झालीं, हें तुम्ही विसरलां नसाल. त्या वेळीं 'लोक निष्काळजीपणें श्वास घेत होते' असें म्हणण्याची कोणाची छाती झाली नाहीं. मग २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशी फवारतांना २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें मेले, शेंकडों रुग्णालयांत पडले, तेव्हां 'अडाण्यांनीं तोंडाला फडकें बांधलें नाहीं' असें म्हणण्याची छाती शहाण्यांना कशी झाली ?

अडाणी कोण, तें पाहूं. १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम सांगतात कीं, विष हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे व श्वसनसाधन असलें पाहिजे. पण डोक्यावर गेलेल्या कपाशींत, भाद्रपदाच्या उन्हांत, पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या रोजंदाराला तें द्यावयाचें कोणीं ? शेतमालक स्वतःच कर्जांत बुडालेला. दुकानदार बाटली विकून मोकळा. कंपनी बाटलीवर लाल त्रिकोण व कवटी छापून मोकळी. सरकार परवाना देऊन मोकळें. सगळे मोकळे झाल्यावर अडकला तो एकटा मजूर ! खोट्या छापाचें औषध विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास कैद नको असेल, तर दंड फार तर ५०,००० रुपये. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला हा चहापाण्याचा खर्च !

'औषधावांचून बोंडअळी कशी मरेल ?' असें कोणी विचारतील. आम्ही अळीचे वकील नाहीं. पण मोनोक्रोटोफॉस हें जहर भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालींच बंदी झाली. कपाशीवर मात्र तें चालूं राहिलें, आणि त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा हुकूम निघावयास २०२३ साल उजाडलें. भाजी खाणाराचा जीव मोलाचा, फवारणाराचा मातीमोल, हाच याचा अर्थ नव्हे काय ?

आमची मागणी सरळ आहे. विषाच्या बाटलीबरोबर संरक्षक साधनें कंपनीनेंच द्यावींत, जीव गेल्यास भरपाई तिनेंच भरावी, आणि तालुक्याच्या रुग्णालयांत विषबाधेची रक्ततपासणी व औषधोपचार तयार असावा. नवें विधेयक २०२० मध्यें राज्यसभेंत आलें. २०२४ साल सरलें तरी त्याचा कायदा झाला नव्हता.

वालधुनीकांठच्या कामगारा, कारखान्यांत तूं रसायन हाताळतोस, शेतांत तो. तो तुझाच भाऊ आहे. मतें मागावयास जे दारीं येतील त्यांना विचार : विष विकणारा मोकळा आणि फवारणारा गुन्हेगार, हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रांतला ?