टॅब आणला, पण शेजारी कोण बसणार?

मैत्रिणींनो, हल्ली हळदीकुंकवाला गेलं की साड्या-दागिन्यांच्या बरोबरीने एक विषय हमखास निघतो. ‘आमच्या बाळाला टॅब घेतला, मुळाक्षरं त्यावरच शिकतो हो!’ सांगणारीच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नाही आणि ऐकणारीच्या पोटात मात्र गोळा येतो. आपलं मूल मागे तर पडणार नाही ना?

ही काळजी उगाच नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार, ग्रामीण भारतात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये तर हे प्रमाण १६.३ टक्के होतं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. म्हणजे दुखणं खरं आहे. पण टॅब हे त्यावरचं औषध आहे का?

आमच्या मंडळाच्या बालवर्गात एक चुणचुणीत मुलगा येतो. पडद्यावर अननस दिसला की ‘अ’, आगगाडी दिसली की ‘आ’, सगळं घडाघडा! पण चित्राशिवाय नुसतं ‘अ’ लिहिलेलं कार्ड पुढे केलं की गप्प. तो चित्र ओळखत होता, अक्षर नाही. असं अनेक मुलांचं होतं, आणि आपल्याला वाटतं, पोरगं वाचायला लागलं!

टॅब वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक तो न कंटाळता शंभर वेळा ऐकवतो. गोष्ट वाचताना एकेक शब्द रंगवून दाखवतो, त्यामुळे बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांची सांगड मुलाच्या मनात बसते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात. जिथे चांगली बालपुस्तकं दुकानात सापडत नाहीत, तिथे हे मोठंच काम आहे. आणि त्यासाठी वेगळा टॅब हवाच असं नाही, घरातला मोबाइलही चालतो.

पण गोम पुढेच आहे. मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ३७ पालक आणि त्यांच्या लहानग्यांना छापील आणि टॅबवरची पुस्तकं वाचायला दिली. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. टॅबवर वाचताना आई-बाप आणि मूल यांच्यातलं गोष्टीबद्दलचं बोलणं कमी झालं होतं. आणि भाषा तर या बोलण्यातूनच येते ना?

आमच्या वस्तीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या एका मैत्रिणीने हप्त्यावर टॅब घेतला. म्हणाली, ‘ताई, मी चौथी शिकलेली. मला कुठं धड वाचता येतं? यंत्र तरी शिकवील पोरीला.’ ऐकून गलबलून आलं. तिला म्हटलं, ‘अगं, वाचायचं काम टॅबला करू दे, विचारायचं काम तू कर. आता पुढे काय होईल? कोल्हा असा का वागला? हे विचारायला कुठली डिग्री लागते?’ आता रात्री भाकऱ्या झाल्या की दोघी मायलेकी बसतात. पोरगी शब्दावर बोट ठेवते आणि आईही तिच्याबरोबर जोडाक्षरं सोडवते.

घरी एवढं करून पाहा. गोष्ट मधेच थांबवा आणि मुलाला बोलू द्या. मग आवाज बंद करून तेच पान त्याला वाचायला सांगा. टॅबवर भेटलेलं अक्षर बिस्किटाच्या पुड्यावर, एसटीच्या पाटीवर, या पेपरात शोधायला लावा. आणि शेवटी पाटी-पेन्सिल हातात द्या. काना, मात्रा, वेलांटी बोटांत मुरायला हवी. वेळेचं भान मात्र ठेवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. जेवताना घास भरवायला लावलेलं कार्टूनसुद्धा या तासातच धरायचं बरं का!

आणखी एक. शेजारी बसायचं हे काम आईच्याच गळ्यात का? टॅबची खरेदी बाबा मोठ्या हौसेने करतात, मग गोष्टीची पंधरा मिनिटंही त्यांनी द्यावीत. आजोबांनी द्यावीत, मोठ्या भावाने द्यावीत. टॅबचे हप्ते वर्षभरात फिटतील. पण मुलाच्या शेजारी बसायची ही वर्षं एकदाच येतात, ती मात्र हप्त्याने मिळत नाहीत.