वायफायच्या डब्याची राख

तुमच्या हातातल्या फोनची बॅटरी 5000 एमएएचच्या आसपासची असेल. वॅट-तासांत मोजली तर साधारण 19. भिंतीवर खिळ्याला टांगलेला वायफायचा डबा नऊ-दहा वॅट खातो. म्हणजे दर दोन तासांना तुमच्या फोनची एक भरलेली बॅटरी तो गिळतो. दिवसाला बारा फोन. तुम्ही रील बघत असा, झोपलेले असा, नाहीतर घराला कुलूप लावून लग्नाला गेलेले असा. बारा म्हणजे बारा.

माझं भांडण या 'बारा म्हणजे बारा'शी आहे. कामाला वीज लागते, त्याबद्दल कोण तक्रार करेल? पण घरगुती राऊटर काम असताना आणि नसताना जवळपास सारखीच वीज घेतो. एकही फोन जोडलेला नसला तरी सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाळी देत बसतो. दोन्ही रेडिओ जागे, चिप गरम. रात्री उठून हात लावून बघा.

फोन असा वागत नाही. खिशात टाकला की पेंगतो, मेसेज आला की डोळे उघडतो, परत पेंगतो. हे आपोआप झालेलं नाही. फोनची बॅटरी दुपारीच संपली तर तुम्ही पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा फोन घेता, म्हणून फोन बनवणाऱ्यांनी मिलिवॅट-मिलिवॅटसाठी वर्षानुवर्षं डोकं खपवलं. राऊटरसाठी कोणी खपवलं नाही, कारण डबा निवडतो इंटरनेट देणारा आणि बिल भरता तुम्ही. त्याला दोनशे रुपये स्वस्त मिळालेला डबा परवडतो. तो तुमच्या मीटरवर पाच वॅट जास्त ओढत असला तरी त्याच्या खिशाला चटका बसत नाही.

आणि या व्यवहारात एक तिसरा आहे, त्याला कोणी विचारलेलंच नाही. तो म्हणजे मी. मी चंद्रपूरचा.

दुर्गापूरच्या वाटेला लागलं की महानिर्मितीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. एकूण क्षमता 2920 मेगावॅट: 500 मेगावॅटचे पाच संच आणि 210 चे दोन जुने. कोळसा शेजारच्या खाणींतून, पाणी इरई धरणाचं. 2010 च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा संच बंद ठेवावे लागले होते. त्याच्या आदल्या वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, तिच्यात चंद्रपूर चौथं. वीज मात्र इथेच थांबत नाही. चंद्रपूरपासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची एक खास वाहिनी आहे, 500 किलोव्होल्टची, एकदिश प्रवाहाची, 1999 पासून चालू. ती 1500 मेगावॅट वाहून नेऊ शकते. वीज पडघ्याला, राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. ही वाटणी आम्हाला पाठ आहे.

आता आमच्या घराचा हिशेब. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर आणलं आणि एकेक यंत्र मोजत गेलो. फायबरची तार ज्यात येते तो डबा 8 वॅट. त्याला जोडलेला दुसरा राऊटर 7 वॅट. (टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केल्यावरही 9 वॅट. त्याच्यावर वेगळा लेख होईल, आज सोडून देतो.) दोन डब्यांचे मिळून 15 वॅट, चोवीस तास, 365 दिवस: वर्षाला 131 युनिट. आपल्याकडे एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो असं धरलं, तर आमच्या घरच्या वायफायसाठी वर्षाला जवळजवळ एक क्विंटल कोळसा. आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्शाहून जास्त राख असते. म्हणजे तीस-पस्तीस किलो राख, एका घराच्या नेटपायी.

गंमत म्हणजे दुसऱ्या राऊटरची गरजच नव्हती. आजकाल फायबरच्या डब्यातच वायफाय असतं. आमच्याकडेही होतं. जोडणी करणाऱ्या पोराने जुना राऊटर तसाच लटकवून ठेवला, 'राहू द्या दादा, रेंज वाढते' म्हणून. आमचं घर दोन खोल्यांचं. रेंज वाढून जाणार कुठे, शेजाऱ्याच्या गोठ्यात?

'दहा वॅटचं काय घेऊन बसलास, एसी बघ,' असं म्हणणारे भेटतात. एसीकडे बघितलंच आहे. एसीला तारे आहेत, फ्रिजला आहेत, 2023 पासून छताच्या पंख्यालाही सक्तीचे झाले. जुना पंखा 75 वॅट खायचा, नवा बीएलडीसी 28 वर आला. ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा 47 अंशांवर जातो. तिथे पंखा ही चैन नाही, आणि त्या पंख्यालासुद्धा सुधारायला लावलं. राऊटरच्या खोक्यावर मी तारे शोधले. अँटेनांची चित्रं होती, वेगाचे आकडे होते, गेम खेळणारा एक पोरगा होता. किती वॅट ते शोधायला अडॅप्टर उलटा करून भिंग घ्यावं लागलं, आणि तिथेही जास्तीत जास्त किती घेऊ शकतो तेच लिहिलेलं. रिकामा बसून किती खातो, त्याचा पत्ता नाही.

आणि एकट्याच्या दहा वॅटवर का थांबायचं? देशात तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडच्या जोडण्या चार कोटींच्या वर गेल्या आहेत. प्रत्येकीमागे दहाच वॅट धरा. 400 मेगावॅट झाले. आमच्या औष्णिक केंद्रातले ते 210 चे दोन जुने संच पूर्ण ताकदीने रात्रंदिवस चालवले, तरच एवढी वीज निघेल. देशभरातल्या रिकाम्या बैठकीच्या खोल्यांत लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांसाठी.

'आता सोलर आलंय की' हा दुसरा बचाव. आलंय, चांगलं झालं. पण सोलर दुपारी असतं. रात्री तीन वाजता, घर झोपलेलं असताना राऊटर जे ओढतो, ते बहुतांश कोळशातूनच येतं. वॉशिंग मशीन दुपारी लावता येतं, पाण्याची मोटार दुपारी लावता येते. हा डबा मात्र रात्रीचा ठिय्या धरून बसलेला गिऱ्हाईक आहे.

गडचिरोलीचं उदाहरण दिलं की लोक लगेच हळवे होतात, म्हणून आधीच सांगतो: माझा राऊटर बंद केल्याने एटापल्लीत उजेड पडणार नाही. तारांचं गणित तसं चालत नाही. मी ते उदाहरण वेगळ्या कारणासाठी देतोय. माझा मावसभाऊ त्या तालुक्यात शिक्षक आहे. पावसाळ्याच्या तोंडी वादळ झालं की जंगलातून आलेल्या लाईनीवर कुठेतरी झाड पडतं, आणि कुठे पडलंय हे शोधण्यातच दिवस जातो. मग टॉवरची बॅटरी उतरते आणि फोन मुका होतो. गावात फायबर पोचलंय, म्हणून त्याने शाळेतला डबा सोलरच्या बॅटरीवर घेतला. 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासाची बॅटरी. तिचा जीव राखायचा तर अर्धीच वापरायची, म्हणजे 600 वॅट-तास. माझे दोन डबे दिवसाला 360 खातात. त्याने पहिल्याच आठवड्यात कागदावर हिशेब मांडला: एक डबा, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांना त्या वेळा पाठ आहेत. डबा तोच, इंटरनेट तेच. फरक एवढाच की त्याला वॅट डोळ्यांनी दिसतो आणि मला बिलाच्या ढिगाऱ्यात दिसत नाही.

बिलाचंही बघू. एक डबा काढला आणि उरलेला रात्री आठ तास बंद ठेवला, तर आमचे महिन्याला सातेक युनिट वाचतात. महावितरणच्या दरात शंभर युनिटांच्या पुढे युनिट दुपटीच्या घरात महाग होतं. त्या टप्प्यात असाल तर सत्तर-ऐंशी रुपये. दोन-तीन प्लेट तर्री-पोहे. इतक्यासाठी कोणी रात्री उठून बटन बंद करणार नाही, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच 'वीज वाचवा, देश वाचवा'ची पोस्टरं मला चीड आणतात. चूक डबा बनवण्यात आणि निवडण्यात आहे, आणि बटनाचा उपदेश मात्र आजीला.

हे नियमाने सुटतं. युरोपियन युनियनने 2013 साली नियम केला आणि 2017 पासून सांगितलं की राऊटरसारख्या यंत्राने नुसतं ताटकळत असताना 8 वॅटच्या वर जायचं नाही. मला 8 सुद्धा जास्तच वाटतात, पण निदान आकडा आहे. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने एसी, फ्रिज, पंखा यांना शिस्त लावली, तर भिंतीवरच्या डब्याला का सूट? मागण्या फार नाहीत. खोक्यावर रिकाम्या अवस्थेतले वॅट छापा. रात्री वायफाय आपोआप झोपेल अशी वेळ कारखान्यातूनच लावून द्या; ज्याला नको असेल तो काढेल. आणि जोडणी देताना एका घरात एकच डबा, दुसरा हवा असेल तर गिऱ्हाईकाने मागायचा.

नियम होईपर्यंत काय करायचं, असं विचारलंत तर: आधी मोजा. दोन डबे असतील आणि एकाने भागत असेल, तर दुसरा काढून माळ्यावर टाका. सगळ्यात मोठी बचत तीच. राऊटरच्या सेटिंगमध्ये वायफायची वेळ लावता येते का बघा. नसेल तर गोल चकतीचा साधा टायमर लावा. स्मार्ट प्लग नको, तो स्वतःच वायफायवर जगतो. 'बंद केलं की लाईन खराब होते' ही धमकी तुम्हालाही मिळेल. फायबर बंद-चालू केल्याने खराब होत नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड असेल तर वारंवार बंद केल्याने वेग उतरू शकतो, तिथे राहू द्या. घरात म्हातारं माणूस असेल आणि घरचा फोन त्याच डब्यातून चालत असेल, तर तोही रात्री चालू ठेवा. नेटवर चालणारा कॅमेरा असेल तरीही.

दुर्गापूरच्या भागात वाघ-बिबट्यांच्या भीतीने लोक अंधार पडल्यावर पोरांना बाहेर सोडत नाहीत. 2022 साली तिथे माणसं गेली आहेत. औष्णिक केंद्राच्या भिंतीला लागून झुडपी जंगल, आणि गल्लीतला खांबावरचा दिवा कधी असतो, कधी नसतो. त्या दिव्याला वीज लागते याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तो रात्रभर चालवा.