काटा फक्त पैशाचा नाही



कापूस घेऊन जिनिंगवर गेलो की आपली नजर काट्यावर खिळते. आधी भरलेल्या ट्रॉलीचं वजन, मग रिकामीचं, वजाबाकी, पावती. क्विंटलमागे किलोभर मारलं तरी आपण भांडायला उठतो. उठलंच पाहिजे. पण हे ओझं माझ्या ट्रॅक्टरला झेपतं का, हा दुसरा प्रश्न त्याच काट्याला आपण कधी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावची कापसाची ट्रॉली नाल्याच्या उतारावर उलटली. वर दोन पोरं बसली होती. एक वाचलं. गावानं ड्रायव्हरला दोष दिला. पण ट्रॉली भरणाऱ्यांत मीही होतो. मागून चढवणं सोपं, म्हणून आम्ही कापूस मागच्या फाळक्याकडे तुडवत गेलो.

बंडी भरताना आपल्या बापानं असं कधी केलं नसतं. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, पुढे आलं की जू बैलाच्या मानेवर बसतं, हे त्याला शिकवावं लागलं नाही. बैल अडला की ओझं सारखं करायचं. ट्रॅक्टर अडत नाही, म्हणून आपण ते शहाणपण विसरलो. दोन चाकी ट्रॉलीचा हिशेब तोच आहे. मागे जड झाली तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीची पकड सोडतात. ब्रेक तर त्याच चाकांना असतात. पुढे जास्त जड झाली तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

हे काट्यावर मोजता येतं. ट्रॉली जोडलेली असताना फक्त ट्रॅक्टरची चाकं काट्यावर घ्या. नंतर ट्रॉली सोडून एकट्या ट्रॅक्टरचं वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचं ओझं. हुकावर किती चालतं आणि मागे किती ओढता येतं, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका कपाटातून बाहेर काढा.

30 क्विंटल कापूस म्हणजे 3 टन, वर ट्रॉलीचं लोखंड वेगळं. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. उतारावर हे सगळं साधारण 2 टनांच्या ट्रॅक्टरला मागून ढकलतं. म्हणून जड माल चाकांच्या थोडा पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. कापसात धोका उंचीचा, ज्वारीच्या पोत्यांत वजनाचा. ज्वारीची ट्रॉली अर्धी दिसते आणि ओझं पुरं असतं. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र जोडा. उतारावर न्यूट्रल करू नका. मागे रिफ्लेक्टर लावा. आणि मालावर माणूस बसवू नका, पोर तर नाहीच.

कोणी म्हणेल, दोन खेपांचं डिझेल कोण देणार? प्रश्न खरा आहे. भाव पडलेला आणि खरेदी केंद्र लांब, म्हणून आपण एकाच खेपेत दोन खेपांचा माल रचतो. वर 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि जादा टनामागे 2,000 रुपये. सरकारला दंड घेता येतो, मग गावाजवळ खरेदी का करता येत नाही? ही मागणी आपण सोडायची नाही. पण ती मान्य होईपर्यंत आपली पोरं कापसाच्या ढिगावर बसवायची का?

जिल्हा मेळाव्यात माझा एवढाच ठराव आहे. बाजार समितीच्या काट्यावर हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक शेतकऱ्याला ट्रॅक्टर, ट्रॉली आणि हूक फुकट तोलून मिळावा. तोवर भरलेल्या ट्रॉलीवर चढलेलं पोर ज्याला दिसेल, त्यानं ते खाली उतरवावं. पोर कोणाचं आहे, हे विचारत बसू नये.