शर्यतीचे घाट, हौशी सायकल

टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची, २१ टप्प्यांची आणि साधारण ३,४०० किलोमीटरची शर्यत. तिचा मार्ग आदल्या ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो आणि दरवर्षी बदलतो. तो सगळा पायांखाली घालणे हौशी सायकलस्वाराला रजेच्या हिशेबातही बसत नाही. पण शर्यतीला नाव मिळवून देणारे घाट पुन्हापुन्हा मार्गात येतात. ते सार्वजनिक रस्ते आहेत, तिथे सायकल चालवायला शुल्क नाही. त्यामुळे आधी घाट ठरवावेत आणि मग तारखा, मुक्काम, तिकिटे हा क्रम सोयीचा पडतो.

निवडीसाठी तीन प्रदेश आहेत. पिरेनीजमधला तुर्माले (२,११५ मीटर) १९१० साली शर्यतीत आला आणि त्याच्या माथ्यावर पहिला पोहोचला ओक्ताव्ह लापीझ. प्रोव्हान्समधला मों व्हान्तू (सुमारे १,९१० मीटर) आसपास तेवढा उंच दुसरा डोंगर नसल्याने एकटाच उभा दिसतो. बेदुआँ गावाकडून त्याची चढण सुमारे २१ किलोमीटर आहे. शेवटच्या टप्प्यात सावलीला झाड नाही आणि वारा भयंकर. ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन १९६७ मध्ये याच चढणीवर कोसळून मरण पावला. त्याचे स्मारक माथ्याच्या थोडे खाली आहे. तिसरा प्रदेश आल्प्सचा. तिथला गालिबिए (२,६४२ मीटर) १९११ पासून शर्यतीत आहे, तर आल्प द्युएझची २१ वळणे १९५२ पासून. त्या वर्षी तिथे फाउस्तो कोप्पी जिंकला. वळणांना खालून वर २१ ते १ असे उलटे क्रमांक आहेत आणि पाट्यांवर तिथे टप्पा जिंकणाऱ्यांची नावे.

पहिल्या सहलीला एकच प्रदेश घ्यावा. रोज सामान हलवले की घाटासाठी वेळ आणि ताकद उरत नाही. आल्प्ससाठी बूर द्वाझाँ हे गाव सोयीचे आहे. आल्प द्युएझची चढण गावालगत सुरू होते आणि लोतारे खिंडीमार्गे गालिबिए, तसेच क्रुआ द फेर हे एकेका दिवसाचे बेत तिथूनच होतात. पॅरिसहून ग्रनोबलपर्यंत रेल्वे आणि पुढे बस मिळते.

उंच खिंडी हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. गालिबिए बहुधा मेअखेर किंवा जूनमध्ये खुला होतो. जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य हा भरवशाचा काळ. शर्यत पाहायची असेल तर जुलैच गाठावा लागतो. मात्र शर्यत जाते त्या दिवशी घाट वाहनांना कित्येक तास बंद असतो आणि मुक्कामाच्या जागा फार आधी भरतात. शर्यतीचाच एक टप्पा हौशी लोकांनी पार करायचा ‘एताप द्यु तूर’ हा उपक्रम १९९३ पासून चालू आहे. त्याची नोंदणी आदल्या वर्षीच करावी लागते.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. सोबत किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा हवा. त्यात डोंगरी सायकलिंग आणि सुटकेचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

स्वतःची सायकल नेली तर बसण्याची ठेवण ओळखीची राहते, पण पेटीचे वजन, विमानभाडे आणि रेल्वेतली ओढाताण वाढते. आठवडाभरासाठी तिथेच भाड्याने घेणे बरे. स्वतःचे पेडल, बूट आणि खोगीर मात्र न्यावे. महत्त्वाचा असतो तो गिअर. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर लांब असून सरासरी चढ ८.१ टक्के आहे. ताशी ८ किलोमीटरच्या वेगाने पावणेदोन तास लागतात. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर या वेगाला मिनिटाला साधारण ६३ वेळा पाय फिरतात. मागे २८ दातेच असतील तर ५२ वेळा, आणि तेवढ्यात गुडघे बोलू लागतात.

सरावात खरी अडचण लांबीची आहे. सिंहगडाचा चढ तिखट आहे, पण सलग दीड-दोन तास चढत राहावे असे घाट महाराष्ट्रात फारसे नाहीत. म्हणून एकच घाट न थांबता पुन्हापुन्हा चढावा आणि चढतानाच खाण्यापिण्याची सवय लावावी.

फ्रान्समध्ये वाहतूक उजवीकडून चालते. उतारावरच्या वळणात डावीकडे जाण्याची सवय जीवघेणी ठरते. अनेक घाटांत दर किलोमीटरला पुढचा चढ आणि उरलेले अंतर सांगणारी पाटी असते. बूर द्वाझाँपेक्षा गालिबिएच्या माथ्यावर सुमारे १२ अंश जास्त थंडी असते, त्यामुळे घामेजल्या अंगाने उतरताना जाकीट आणि पूर्ण हातमोजे लागतात. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता वळणाआधी जोरात लावून सोडावेत. दुपारी आडगावातली दुकाने बंद असतात, म्हणून खाणे जवळ ठेवावे. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२. आठवड्याच्या बेतात दोन दिवस मोकळे ठेवावेत. वादळ आले तर घाट पुढच्या दिवशी ढकलता येतो.