अंडं उबलं, पण गिऱ्हाईक कुठंय?



रिमवर्ल्ड नावाचा कॉम्प्युटर गेम आहे. त्यात वस्ती वसवायची, शेती करायची, कोंबड्या पाळायच्या. फलित अंडं साडेतीन दिवसांत फुटतं. बघता बघता अंगणभर कोंबड्या होतात आणि दाणा संपतो. माझं मत विचाराल, तर पोल्ट्री काढायची असेल त्याने हा गेम जरूर खेळावा. पक्षी वाढले की खाद्य पुरत नाही, हा धडा फुकटात मिळतो. पण त्याच्या भरवशावर इनक्युबेटर मात्र घेऊ नका.

खरं अंडं २१ दिवस घेतं. मशीनमध्ये तापमान ३७.५ अंशांच्या आसपास सांभाळायचं. १८ व्या दिवसापर्यंत अंडी रोज तीन-चार वेळा फिरवायची. लाइट बराच वेळ गेली आणि बॅकअप नसला, तर बॅच गेलीच समजा. खुडूक कोंबडीला लाइट लागत नाही, पण ती बसणार दहा-बारा अंड्यांवर.

आता वही घ्या. १०० अंडी लावली, समजा ७० पिल्लं जगली. त्यात साधारण निम्मे नर. उरल्या ३५ तलंगा, त्यांचं पहिलं अंडं पाच-सहा महिन्यांनी. मोठा पक्षी रोज साधारण १०० ग्रॅम खातो. ७० पक्ष्यांना दिवसाला ७ किलो, महिन्याला २१० किलो. अंडं विकायच्या आधी हा पैसा खिशात हवा. आपल्या विंचूरकडे मका पिकतो, ही जमेची बाजू. पण नुसत्या मक्यावर भागत नाही, सोयाबीन पेंड आणि शिंपल्याचा चुरा विकतच आणावा लागतो.

रोगाचाही हिशोब धरा. मानमोडीची लस वेळेवर द्या. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा आसपासचे धडधाकट पक्षीही मारावे लागले होते.

आणि सगळ्यात मोठा फरक. गेममध्ये व्यापारी स्वतःहून वस्तीवर येतो. इथे आपल्यालाच ढाब्यावर, हॉटेलात, दारोदार जावं लागतं. म्हणून मी उलटं सांगतो: आधी २० पक्की गिऱ्हाइकं जोडा. मग महिन्याची ३० पिल्लं विकत आणा, वाढवा, खपवून दाखवा. मशीन त्यानंतर.

अंडं उबवणं तर कोंबडीलाही जमतं हो, धंदा करणाऱ्याला ते विकता यायला हवं.