छातीला टाके, पण आतड्याचे काय?

हृदयाची मोठी शस्त्रक्रिया पार पडली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सर्जन बाहेर येऊन 'ऑपरेशन यशस्वी झाले' असे सांगतात आणि वस्तीतून भेटायला आलेली मंडळी निर्धास्त होऊन परततात. परंतु रुग्ण खऱ्या अर्थाने उठून कामाला लागणार की नाही, हे पुढच्या काही आठवड्यांत ठरते, आणि त्यात पोटाचा वाटा मोठा असतो. ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांना क्वचितच कोणी समजावून सांगते. म्हणून आज हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

आपल्या मोठ्या आतड्यात जीवाणूंची प्रचंड वस्ती असते. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तो सत्तर किलो वजनाच्या माणसामागे सुमारे ३८ लाख कोटी जीवाणूंचा निघाला. म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींहून थोडे अधिकच. हे फुकटे भाडेकरू नव्हेत. भाकरी, डाळी, भाजीपाला यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी द्रव्ये तयार करतात. आतड्याच्या आतल्या अस्तरातील पेशी प्रामुख्याने याच द्रव्यावर जगतात. ते अस्तर एका पेशीएवढेच जाड असते. एका बाजूला घाण आणि कोट्यवधी जीवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये एवढाच पडदा.

मोठ्या शस्त्रक्रियेत नेमका हाच पडदा धोक्यात येतो. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि हृदय थांबवून दुरुस्त करण्याचा मार्ग खुला झाला. पण यंत्रावर असताना शरीर मेंदूला आधी सांभाळते आणि आतड्याचा रक्तपुरवठा आखडतो. अस्तर सैल पडते आणि जीवाणूंच्या आवरणातील विष रक्तात शिरते. शस्त्रक्रियेनंतर येणारा ताप, रक्तदाब उतरणे, मूत्रपिंड मंदावणे यांमागे अनेक कारणे असतात, त्यांपैकी हेही एक मानले जाते. पोटातील महाधमनीला फुगा आला असेल तर शस्त्रक्रिया करताना ती धमनीच चिमट्याने बंद करावी लागते. अशा वेळी डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याला रक्त कमी पडून ते सडू शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्ताचे जुलाब झाले, तर 'पोट बिघडले असेल' म्हणून गप्प न बसता त्याच क्षणी नर्सला सांगावे.

त्यात भर पडते उपासाची, वेदनाशामक औषधांनी मंदावलेल्या आतड्याची, ॲसिडिटीच्या गोळ्यांची आणि सर्वांत जास्त अँटिबायोटिकची. जखम चिघळू नये म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी दिलेले अँटिबायोटिक आवश्यकच आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु केवळ खबरदारी म्हणून दिलेले हे औषध हृदयशस्त्रक्रियेत ४८ तासांच्या पुढे नेऊ नये, असे मार्गदर्शक नियम सांगतात. प्रत्यक्ष संसर्ग असेल तर गोष्ट वेगळी. मग डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पूर्ण घेतलेच पाहिजे. पण कारण नसताना लांबवलेल्या औषधाने उपयोगी जीवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जुलाबाचा जंतू मोकळी जागा बळकावतो. म्हणून 'हे औषध कशासाठी आणि किती दिवस?' हा प्रश्न नातेवाइकांनी विचारलाच पाहिजे. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

मग औषधाच्या दुकानात मिळणारी 'चांगल्या जीवाणूंची' पाकिटे घ्यावीत काय? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओडिशाच्या खेड्यांतील साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांपैकी सुमारे निम्म्यांना अशी पूड दिली, तेव्हा जंतुसंसर्ग आणि मृत्यू दोन्ही मिळून मोठी घट झाली. हे आपल्याच देशातल्या गरिबांच्या मुलांवर सिद्ध झालेले काम आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण नवजात बालकाला जे लागू पडले, ते अतिदक्षता विभागातल्या मोठ्या माणसाला लागू पडेलच असे नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र आजाराच्या रुग्णांना असे जीवाणू दिले गेले. २००८ साली निष्कर्ष आले तेव्हा जीवाणू दिलेल्यांत शंभरापैकी १६ आणि न दिलेल्यांत ६ जण दगावले होते. काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला होता. नुकत्याच झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आतडे आधीच रक्ताला आसुसलेले असते, हे ध्यानात घेता डॉक्टरांना न विचारता असली पाकिटे देणे धोक्याचे आहे.

आता ज्या रुग्णांची आम्हाला सर्वाधिक काळजी वाटते, त्यांच्याकडे येऊ. लहानपणी घसा सुजून ऱ्हुमॅटिक ताप येतो, सांधे धरतात आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. हा दाटीवाटीच्या घरांचा, दारिद्र्याचा आजार आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह बदललेले तरुण स्त्री-पुरुष आमच्या वाचकांच्या वस्त्यांत आढळतात. धातूचा व्हॉल्व्ह बसला की रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमेरॉलची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी क-जीवनसत्त्वाच्या नव्हे, के-जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते. आणि हे के-जीवनसत्त्व काही पालेभाज्यांतून मिळते, काही आतड्यातले जीवाणू तयार करतात.

आता असे समजा की या रुग्णाला घरी आल्यावर जुलाब लागले. गल्लीतल्या दवाखान्यात सर्रास दिली जाते ती मेट्रोनिडॅझोलची गोळी मिळाली. तिने जीवाणू मेले, जुलाबामुळे जेवण तुटले आणि त्याच गोळीने यकृतात वॉरफॅरिनचा निचराही रोखला. तिन्ही बाजूंनी रक्त एकदम पातळ होते. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, कधी मेंदूत रक्तस्राव! डिगॉक्सिनचेही असेच. ही गोळी घेणाऱ्या साधारण दहापैकी एका माणसाच्या आतड्यातला एक जीवाणू औषधाचा बराच भाग निकामी करून टाकतो. १९८१ सालीच अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की अशा माणसाला अँटिबायोटिक दिले तर रक्तातील डिगॉक्सिन वाढते. मळमळ, पिवळे दिसणे, नाडी मंद होणे ही त्याची लक्षणे. तेव्हा व्हॉल्व्हच्या रुग्णाने कोणत्याही डॉक्टरकडे जाताना आपल्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवावी आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांत आयएनआरची तपासणी करून घ्यावी.

खाण्यापिण्याबाबत तर गोंधळच आहे. भेटायला येणारे खारी-बिस्किटे आणतात, घरचे आठवडेच्या आठवडे साबुदाण्याच्या खिरीवर ठेवतात. जीवाणूंना त्यातून काही मिळत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की ज्वारी-बाजरीची मऊ भाकरी, मुगाची डाळ, मटकी, भाज्या हळूहळू सुरू कराव्यात. वॉरफॅरिनवर असलेल्यांनी पालेभाजी सोडू नये, पण एका दिवशी पातेलेभर आणि मग पंधरा दिवस नाही, असेही करू नये. रोज साधारण सारखी ठेवावी.

आणखी एक गोष्ट. २०११ ते २०१३ या काळात अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवले की लाल मांस व अंडी यांतील काही द्रव्यांपासून आतड्यातले जीवाणू एक पदार्थ बनवतात, आणि तो रक्तात जास्त असलेल्यांना हृदयविकार अधिक होतो. याचा आधार घेऊन कोणी रुग्णाच्या ताटातले अंडे काढून घेऊ लागला तर त्याला एवढेच सांगावे की तोच पदार्थ समुद्रातल्या मासळीत आयता असतो, आणि मासळी तर हृदयरुग्णांना खा म्हणून सांगतात. लाल मांस बेतानेच खावे, हे खरे. परंतु छातीचे हाड जुळून यायला प्रथिने लागतात, आणि गरिबाच्या घरी अंड्याइतके स्वस्त व पूर्ण प्रथिन दुसरे नाही. धर्माचा सोवळेपणा विज्ञानाच्या नावाने खपवू देऊ नये.

शासनाच्या ज्या योजनेला २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, तिच्यातून हृदयाच्या महागड्या शस्त्रक्रिया मोफत होतात आणि त्यानंतरच्या पाठपुराव्याच्या सेवाही तिच्यात ठरवून दिलेल्या आहेत. प्रश्न त्या रुग्णापर्यंत पोहोचण्याचा आहे. आयएनआरसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून जिल्ह्याला जावे लागत असेल तर दोन-चार खेपांनंतर माणूस तपासणी सोडून देतो. म्हणून ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्हावी आणि घरी सोडताना मराठीतले एक कार्ड रुग्णाच्या हाती द्यावे: कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणती अँटिबायोटिक घेताना सावध राहायचे, काय खायचे, रक्ताचे जुलाब झाल्यास कोणत्या नंबरावर फोन करायचा. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील व्हॉल्व्ह बदललेल्या रुग्णांची यादी या महिन्यातच करावी आणि शेवटची आयएनआर तपासणी केव्हा झाली, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहावे.